‘ने’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही

‘पिशवी हाताने ने.’ या साध्या वाक्यात ‘ने’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा असतो. पहिला तृतीयेचा प्रत्यय, दुसरा ‘नेणे’ या क्रियापदाची आज्ञा. मराठी माणूस हे ऐकताना अडखळत नाही, कारण जागेवरून काम कळतं. हीच सवय ठेवून इतर भाषांमधला ‘ने’ पाहिला, की मजा येते.

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. सीमा ओलांडून बल्गेरियात गेलं की ‘ने’ म्हणजे नाही. भर म्हणून मानेच्या खुणाही घोटाळा करतात. बल्गेरियात पारंपरिक पद्धतीने ‘ने’ म्हणताना मान वर-खाली होते, आणि होकार देताना ती आडवी हलते. बल्गेरियन ‘ने’ आपल्या ‘न’चा दूरचा भाऊबंद आहे. ग्रीक होकार मात्र त्या नकारातून आलेला नाही. प्राचीन ग्रीकमध्ये तो ‘नाइ’ असा होता, पुढे त्या जोडस्वराचा ‘ए’ झाला. लिहिताना आजही जुनी दोन अक्षरंच लिहितात. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी हे दोन शब्द सारखे वाटलेही नसते.

कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे हो, आणि ग्रीकशी त्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय हा होकार आपल्या ‘हो’इतका सरळ नाही. ‘जाणार नाही का?’ असं विचारल्यावर कोरियन माणूस ‘ने’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘बरोबर, जाणार नाही’. नवशिके इथे हमखास फसतात. तोच ‘ने’ सूर चढवून म्हटला की ‘काय म्हणालात?’ असा होतो. ‘ने शि’ म्हणजे चार वाजता, कारण मोजताना चारचं रूप ‘ने’ होतं. ‘तुझा’ यालाही लिहिताना ‘ने’च, पण ‘माझा’चा उच्चार हल्ली तसाच होत असल्यामुळे बोलताना ‘तुझा’ला सरसकट ‘नी’ म्हणतात. आणखी एक अडचण कानाची. शब्दारंभीच्या कोरियन ‘न’मध्ये नाकातला आवाज कमी असतो, त्यामुळे परक्या कानाला हा होकार ‘दे’ असा ऐकू येतो. तो ‘दे’ नव्हे, ‘ने’च.

तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’. ‘ने झमान’ म्हणजे केव्हा, आणि त्यातला ‘झमान’ म्हणजे आपल्या ‘जमाना’च्या कुळातला अरबी शब्द. पण तुर्कीतच दुसरा एक ‘ने’ आहे, फारसीतून उसना घेतलेला: ‘ने एत, ने बालिक’, म्हणजे ना मटण, ना मासा. हा दुसरा आपल्या ‘ना’चा नातेवाईक, पहिला नाही. एकाच भाषेत शेजारी शेजारी राहूनही दोघांची कुळं वेगळी.

हंगेरियन ‘ने’ आपल्या ‘नको’च्या जागी बसतो. फिनिशमध्ये तो ‘ते’ किंवा ‘त्या’, अनेकवचनी. हंगेरियन आणि फिनिश एका कुळातल्या, तरी या दोन ‘ने’चे अर्थ जुळत नाहीत.

सगळ्यात फसवी जोडी जपानी आणि पोर्तुगीजची. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतात, अगदी आपल्या ‘ना’सारखा: छान आहे ना? ब्राझीलमधली माणसंही वाक्याच्या शेवटी ‘ने’ म्हणतात, अर्थ तोच. ब्राझीलमध्ये जपानी वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा ‘तिथूनच आलं असणार’ असं वाटणं साहजिक आहे. पण पोर्तुगीज ‘ने’ हा ‘नाही का’ अशा अर्थाच्या दोन पोर्तुगीज शब्दांचा आखडलेला अवतार आहे, आणि त्याचा स्वर ‘नॅ’कडे झुकतो. जपानी स्थलांतरितांचं पहिलं जहाज तिथे पोचलं 1908 मध्ये. रूप जुळलं, अर्थ जुळला, भूगोलही जुळला, तरी नातं नाही.

असं का होतं, ते साध्या हिशेबाने कळतं. समजा एका भाषेत 20 व्यंजनं आणि 5 स्वर आहेत. एकाक्षरी रूपं झाली 100. त्यातली 40 शब्द म्हणून वापरात असतील, तर परक्या भाषेतलं कुठलंही एक अक्षर इथे सापडण्याची शक्यता 40 टक्के. तीन अक्षरांची रूपं मात्र 10 लाख होतात. त्यातली 5,000 वापरात धरली, तरी शक्यता अर्धा टक्का. त्यातून ‘न’ आणि ‘ए’ हे जगभर आढळणारे ध्वनी. एकाक्षरी साम्यावरून भाषांचं नातं सिद्ध करणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावं.

लिपीही चकवते. फ्रेंच नकारातला ‘ने’ रोमन लिपीत ‘ने’ दिसतो, पण उच्चार जवळजवळ ‘न’. बोलताना तर बहुधा गळूनच जातो. म्हणून तुलना करायची तर आधी उच्चार ऐकायचा, मग शब्दाचं जुनं रूप शोधायचं, आणि अर्थ सगळ्यात शेवटी पाहायचा. उलट क्रमाने गेलं की जपानी-पोर्तुगीज खड्ड्यात पडायला होतं.

आणि नातं असलं म्हणून अर्थ जुळतोच असंही नाही. गुजराती तर मराठीची सख्खी शेजारीण. ‘रामाने दिलं’ यात देणारा राम. गुजरातीत ‘रामने आप्युं’ म्हटलं, तर रामाला मिळालं.