ऑक्टोबरचा तिसरा शनिवार

सपेलो बेटाला जाणाऱ्या बोटीचं नाव 'केटी अंडरवूड'. केटी अंडरवूड म्हणजे बेटावरची सुईण. कित्येक वर्षं तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणं त्यांनी केली. बोटींना सेनापतींची, देणगीदारांची नावं दिलेली पुष्कळ पाहिली; सुईणीचं नाव मी तरी इथेच वाचलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरच्या मेरिडियन धक्क्यावरून बोट सुटते आणि उंच गवताच्या खाजणातून वळणं घेत अर्ध्या तासात बेटाला लागते. बेटावर जायला पूल नाही. कधीच नव्हता, आणि गावातल्या बऱ्याच जणांना तो नकोच आहे.

आम्ही जॉर्जियातल्या सव्हाना शहरात होतो त्या काळात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार सहसा चुकवला नाही. त्या दिवशी सपेलोच्या हॉग हॅमॉक गावात 'कल्चरल डे' असतो. भरवते तिथली सोसायटी. नाव लांबलचक आहे, सपेलो आयलंड कल्चरल अँड रिव्हायटलायझेशन सोसायटी, म्हणून सगळे नुसतं 'सिकार्स' म्हणतात. 1993 साली गावकऱ्यांनीच ती काढली. मराठी माणसाच्या तोंडात तिचं आपोआप 'मंडळ' होतं. माझ्या एका सहकाऱ्याची आजी याच गावची. तोच आम्हाला पहिल्यांदा घेऊन गेला, आणि नंतर तो नसला तरी आम्ही जात राहिलो.

गावातले लोक गीची. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून थॉमस स्पॉल्डिंगचे इथे कापसाचे आणि उसाचे मळे होते, आणि त्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचा मुकादम होता बिलाली मुहम्मद, पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा जालोन प्रदेशातला मुसलमान. त्याने अरबीत लिहिलेलं तेरा पानांचं बाड आजही जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. कल्चरल डेच्या मांडवात 'मी बिलालीच्या अमक्या मुलीकडून' असं सांगणारं कुणी ना कुणी भेटायचंच. त्याला सात मुली होत्या, त्यामुळे नातं लावायला वाव भरपूर! मला त्या दिवसातलं सगळ्यात आवडायचं ते हेच, गाण्यांपेक्षाही. ब्रन्सविक, जॅक्सनव्हिल आणि कुठून कुठून आलेली माणसं बोटीतून उतरायची, आणि पन्नास पावलांत निदान तीन म्हाताऱ्या त्यांना थांबवून 'तू कुणाचा रे?' विचारायच्या. उत्तरात आईचं नाव सांगून भागायचं नाही. आजीचं, आणि ती रॅकून ब्लफची की शेल हॅमॉकची, तेही सांगावं लागे.

ही दोन्ही गावं आता नाहीत. रॅकून ब्लफची जमीन गुलामगिरी संपल्यावर, 1871 मध्ये, विल्यम हिलरी आणि साथीदारांनी विकत घेतली होती. कालचे गुलाम असलेले हे लोक जमीनमालक झाले. पुढे बेट तंबाखूवाल्या आर. जे. रेनॉल्ड्स (धाकटे) यांच्याकडे गेलं, आणि 1950 ते 60च्या दशकांत एकेक वाडी उठवून सगळ्यांना हॉग हॅमॉकमध्ये आणलं गेलं. खुशीने गेलो असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलं नाही. रेनॉल्ड्स वारल्यावर बेटाचा मोठा भाग 1969 आणि 1976 मध्ये राज्य सरकारकडे गेला. गावकऱ्यांपुढे उरले हॉग हॅमॉकचे सुमारे 430 एकर, आणि तेही सगळे आता त्यांचे राहिलेले नाहीत. शाळा 1978 मध्ये बंद झाली. तेव्हापासून मुलं बोटीने शाळेला जातात. कायम राहणारी गीची माणसं पन्नासच्या आत आहेत.

उरलेल्या जमिनीचं दुखणं कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचंच नाव आणि हिस्सेदार चार शहरांत पांगलेले, तसंच तिथे. मृत्युपत्र कुणी केलेलं नसतं, एखादा लांबचा हिस्सेदार आपला वाटा विकतो, आणि विकत घेणारा कोर्टात जाऊन सगळीच जमीन लिलावात काढायला लावू शकतो. त्यातून 2012 मध्ये घरपट्ट्या एकदम काही पटींनी वाढल्या, कारण शेजारी बाहेरच्यांचे सुट्टीतले बंगले उठले होते. त्या वर्षानंतर मांडवातल्या गप्पांत मासळीइतकाच वकिलांचा विषय असायचा.

गाण्याबद्दल न लिहिणं बरं दिसणार नाही. रिंग शाउट हा गोलात फिरत देवाची गाणी म्हणायचा प्रकार मी आधी पाहिला नव्हता. एक जण काठी उभी धरून लाकडी जमिनीवर ताल धरतो, एक जण ओळ सांगतो, बाकीचे झेलतात, आणि बायका घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरतात. पाय जमिनीवरून घासत न्यायचे. पायावरून पाय आडवा गेला की तो नाच होतो, आणि देवाच्या कामात नाच चालत नाही. बाकी स्टेजवर भाषणंही होत, लांब होत, आणि ध्वनिक्षेपक सगळ्या जगात सारखाच वागतो.

2024चा कल्चरल डे 19 ऑक्टोबरला होता. तोवर आम्ही सव्हाना सोडलं होतं. दुपारी परतीच्या बोटीसाठी लोक बेटावरच्या मार्श लँडिंगच्या धक्क्यावर उभे असताना बोटीकडे नेणारा धातूचा जोडपूल मोडला. सात जण दगावले, सगळे पाहुणे. गावकऱ्यांनी पाण्यात उड्या टाकून जमतील तितक्यांना बाहेर काढलं. संध्याकाळी मी सहकाऱ्याला फोन लावला तेव्हा तो काही बोललाच नाही.

त्याच वर्षी दुसरी लढाईही चालू होती. आदल्या सप्टेंबरात काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, हॉग हॅमॉकमधल्या घरांची कमाल मर्यादा 1,400 चौरस फुटांवरून 3,000 वर नेली होती. मोठी घरं म्हणजे मोठ्या घरपट्ट्या, हे गावकऱ्यांना कुणी शिकवायला नको. सह्या गोळा करून त्यांनी सार्वमत मागितलं. मतदानाच्या तोंडावर न्यायाधीशांनी ते थांबवलं. 2025च्या सप्टेंबरात जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वमताचा हक्क मान्य केला.

कॉर्नेलिया वॉकर बेली हे सगळं पाहायला नव्हत्या. त्या 2017 मध्ये गेल्या. बेटाच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हणून त्यांचं नाव झालं, पण शेवटची वर्षं त्यांचं लक्ष शेतीत होतं. तिथल्या लाल 'पीज'चं पीक पुन्हा मोठ्या प्रमाणावर घ्यायचं, म्हणजे गावाला गावातच चार पैसे मिळतील. पीज कसले, आपली चवळीच ती, बारीक आणि तांबडी. कल्चरल डेला ती भाताबरोबर ताटात असायची, शेजारी तळलेला बोय मासा. कोरडी पिशवीतही मिळायची, सुपरमार्केटपेक्षा बरीच महाग; आम्ही तरी घ्यायचो. ओलं खोबरं घालून तिची उसळ करतो, असं मी स्टॉलवरच्या बाईंना सांगितलं होतं. त्या दर वर्षी ओळखायच्या, आणि पिशवी हातात देताना बजावायच्या: नारळाचं काय ते तू बघ, पण डुकराच्या खारवलेल्या मांसाशिवाय ही शिजली असं मी म्हणणार नाही.