नातवाला द्राक्षं द्यायची का?

फेब्रुवारी लागला, नाशिकच्या बाजारात गाड्या लागल्या, की ओळखीची माणसं विचारतात: "तुम्ही लॅबमध्ये फवारणीच्या औषधांचे अंश तपासता ना, मग खरं सांगा, नातवाला द्राक्षं द्यायची का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. द्या. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि द्या. मिठाच्या पाण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. आंतरप्रवाही औषध गरात उतरलेलं असतं, ते धुऊन निघत नाही.

'द्या' म्हणते त्यामागे हिशेब आहे. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसत नाही ती घेतात. तिला 10 ने भागतात, कारण माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो. पुन्हा 10 ने, कारण माणसामाणसांत फरक असतो. लेहमन आणि फिट्झह्यू या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये मांडलेला हा शंभराचा भागाकार आजही वापरात आहे. समजा, एखाद्या औषधाची अशी मात्रा किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम निघाली, तर 15 किलोच्या मुलाची रोजची मर्यादा होते 1.5 मिलिग्रॅम. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम अंश चालतो. तेवढा अंश असलेली द्राक्षं 150 किलो खाल्ली, तेव्हा कुठे ती मर्यादा गाठली जाईल. यात उणीव एवढीच, की हा हिशेब बहुतेक वेळा एकेका औषधाचा असतो, आणि घडावर अंश सापडतात ते अनेकांचे. तिथे अजून पुष्कळ काम व्हायला हवं.

खरी काळजी मला वाटते ती गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी होणाऱ्या छाटणीच्या वेळी. वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, त्याला आपल्याकडे पेस्टिंग म्हणतात. निफाड-दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळ्या ते करतात, पुष्कळदा उघड्या हातांनी. खाणाऱ्याच्या पोटात जातो तो कणभर अंश, यांच्या कातडीला लागतं ते मूळ औषध. त्याने त्वचा भाजते. शिवाय दारू पचवणारं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) बंद पडतं. संध्याकाळी कुणी थोडी जरी प्यायला, तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. युरोपीय संघाने 2008 मध्ये या औषधाला मान्यता नाकारली, त्यात वापरणाऱ्यांच्या आरोग्याला असलेला धोका हे मोठं कारण होतं.

तुमच्या ओळखीत कुणी बागायतदार असेल, तर त्याला सांगा: पेस्टिंगला रबरी हातमोजे दे, हात धुवायला बागेतच साबण-पाणी ठेव, आणि दारूचं टोळीला कामाच्या आदल्या दिवशीच सांग, कारण आधी घेतलेलीही बाधते.