जास्तीची रेषा

“ताई, मागे दुसरा मेघ आहे!” पुण्यातून स्क्रीनवर आमचा वर्णपट बघत बसलेल्या विद्यार्थ्याचा मेसेज. मी स्पेनमध्ये, पिको वेलेता पर्वतावरच्या ३० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या कंट्रोल रूममध्ये. जूनचा शेवटचा आठवडा, उंची २८५० मीटर, मध्यरात्री एमबीएम ४० हा ताऱ्यांमधल्या वायू-धुळीचा मेघ जवळजवळ डोक्यावर.

हा मेघ मग्नानी, ब्लिट्झ आणि मंडी यांच्या १९८५च्या यादीतला. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून सुमारे ४५ अंश वर. ‘आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर’ म्हणतात ते कोनाने. प्रत्यक्षात तो तीनेकशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपला शेजारीच. थंड हायड्रोजनचा रेणू दिसत नाही, म्हणून ११५.२७ गिगाहर्ट्झची कार्बन मोनॉक्साइडची रेषा बघायची. रेषेच्या जागेवरून वायूचा वेग कळतो. ती आली, सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास, अगदी अरुंद. आणि तिच्या शेजारी, वेगाच्या अक्षावर सेकंदाला साधारण दोन किलोमीटर पलीकडे, आणखी एक.

मला ती दुसरी रेषा फारच नीटनेटकी वाटली. दुर्बीण मेघाबाहेर नेली. मेघाची रेषा गेली, ही तशीच. मग खात्रीच झाली: ही आपल्याच हवेची.

आम्ही दुर्बीण एका जागी ठेवून रिसीव्हरची वारंवारता पुढेमागे करत होतो आणि एक मोजणी दुसरीतून वजा करत होतो. वेळ वाचतो, पण वातावरण वजा होत नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सूर्याच्या अतिनील किरणांनी कार्बन डायऑक्साइड फुटून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तिथे दाब इतका कमी की रेषा मेघासारखीच बारीक! आपल्या सापेक्ष ती हवा स्थिर. मात्र आमचा वेगाचा अक्ष भोवतालच्या ताऱ्यांच्या हिशेबाने मांडलेला, त्यामुळे सूर्य आणि पृथ्वीची चाल तिच्या माथी येते. पृथ्वीची दिशा बदलत जाते तशी ती रेषा वेगाच्या अक्षावर रोज सेकंदाला सुमारे पाव किलोमीटरने सरकते. मेघ असा सरकत नाही.

विद्यार्थी हिरमुसला. मी त्याला पुढच्या रात्रीचा वर्णपट पहिल्यावर ठेवून बघायला सांगितलं. रेषा मेघाकडे सरकलेली होती. आता त्यालाच मजा वाटू लागली.

मग पद्धत बदलली: धुळीच्या अवरक्त नकाशावरून जवळची रिकामी जागा निवडली आणि मेघ-आकाश, मेघ-आकाश असं आलटून पालटून मोजलं. जास्तीची रेषा वजा झाली, मेघाची तीनवर तशीच राहिली. वेळ जवळजवळ दुप्पट लागला.

याच मेघासाठी जुलैच्या सुरुवातीची वेळ मागणाऱ्या सहकाऱ्याला मी लगेच कळवलं: तोपर्यंत हवेची रेषा नेमकी मेघाच्या रेषेवर येऊन बसेल, तेव्हा वारंवारता बदलून मोजू नकोस.