तुम्ही विचारलंत म्हणून: ती कविता मी का म्हणत नाही

दरवर्षी कवी नारायण सुर्व्यांचा स्मृतिदिन, 16 ऑगस्ट, जवळ आला की कुणीतरी विचारतंच. "सर, सुर्व्यांची ती कविता हल्ली का म्हणत नाही?" मी घसा बसल्याचं सांगतो. इतकी वर्षं घसा बसलेला माणूस वर्गात दिवसभर कसा बोलतो, हे न विचारण्याइतके तुम्ही सभ्य आहात. पण यंदा तिघांनी विचारलं, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

ती कविता म्हणजे पोराला शाळेत घालायला आलेल्या वेश्येची. मास्तरांना बापाचं नाव हवं असतं आणि ती म्हणते, तुमचंच नाव लिवा. कॉलेजात असल्यापासून मी ती म्हणत आलो. 'लिवा'च्या आधी नेमकं किती थांबायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथे सभागृह चिडीचूप व्हायचं, मग टाळ्या. आपण सुर्व्यांचा वारसा पुढे नेतोय असं मला खरंच वाटायचं. हसू नका.

नारायण सुर्वे 2010 साली गेले, सोमवारी. शनिवारी शोकसभा ठरली आणि ती कविता अर्थातच माझ्या वाट्याला आली. त्या आठवड्यात शाळेचे लिपिक रजेवर होते, त्यामुळे जनरल रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर एक बाई मुलाला घेऊन आली. दुसरीत घालायचं होतं. मी मुलाचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं, जन्मतारीख लिहिली. वडिलांचं नाव?

"ते नका लिहू."

"रकाना आहे बाई, लिहावं लागतं."

"मग माझंच लिहा की. दोनदा लिहा."

मी पेनाला टोपण लावलं. प्रतिज्ञापत्र करून आणा, नाहीतर मुलाच्या वडिलांना घेऊन या, सोमवारी बघू, असं म्हणालो. "आजच्या दिवस बसू दे ना वर्गात," ती म्हणाली. मी म्हटलं, नियमात बसत नाही. मुलगा तोवर भिंतीवरचा सुविचार मोठ्याने वाचत होता, एकेक अक्षर लावत. शेवटच्या शब्दापर्यंत पोचायच्या आत तिने त्याचा हात धरला. सोमवारी ती आली नाही. नंतरही कधी नाही.

तेव्हा कविता आठवली नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही आठवली. तेच तर सांगतोय. त्या रात्री आरशासमोर तालीम केली, तेव्हासुद्धा नाही. शनिवारी स्टेजवर 'लिवा'च्या आधी थांबलो, तेव्हा आठवली. 'दोनदा लिहा.' थांबलो तो थांबलोच. लोकांना वाटलं, सर गहिवरले. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. एकाने येऊन पाठ थोपटली आणि मी थोपटू दिली.

नियम काही मी केला नव्हता. लिपिकांनीही हेच केलं असतं, मुख्याध्यापकांनी सही केली नसती. ही कारणं खोटी नाहीत. पण शिक्षणहक्क कायदा त्याच वर्षी 1 एप्रिलला लागू झाला होता आणि त्याच्या प्रशिक्षणाला मी बसलो होतो. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारायचा नाही, हे त्यात स्पष्ट होतं. बापाच्या नावावरून परत पाठवा, असं तर कुठेच नव्हतं.

आणि सुर्वे! टाकून दिलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं आणि स्वतःचं नाव दिलं. हे मी भाषणांत किती रंगवून सांगितलं असेल. पुढे ते शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर झाले. म्हणजे टेबलाची माझी बाजूही त्यांना माहीत होती. हे मात्र मी कधी सांगितलं नाही, कारण लक्षातच आलं नव्हतं.

पंचविशीतला मी असतो तर म्हणाला असता, यात कवितेचा काय दोष? म्हणणं सोडून कुणाचं भलं झालं? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी गप्प बसलो म्हणून तो मुलगा वर्गात येऊन बसलेला नाही. कधीकधी तर वाटतं, हे मौनही मी टाळ्यांसाठीच पाळतोय, या लेखासकट.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लावायचा निर्णय झाला, तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "बघा, सुर्वे जिंकले." मी निर्णय वाचला. आईचं नाव मुलाच्या आणि वडिलांच्या नावांमध्ये येतं. बापाचा रकाना होता तिथेच आहे.

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने स्पर्धेसाठी नेमकी तीच कविता निवडली आणि बसवून द्या म्हणाली. मी नाही म्हणणार होतो. मग 'लिवा'च्या आधी किती थांबायचं, ते तिला शिकवलं. तिला पहिला नंबर मिळाला. तुम्ही तिघंही त्या स्पर्धेला होतात, म्हणून तर विचारलंत.