मे महिन्यात वाकळ

कोल्हापुरात मे महिन्यात रात्री वाकळ घेऊन झोपणारं माणूस तुम्ही बघितलंय का? मी झोपत होते. वर पंखा बंद, नवरा हॉलमध्ये फरशीवर, आणि सासूबाई सकाळी दारात उभ्या राहून, "अगं आम्हाला उकडून जीव चाललाय आणि तू वाकळ घेतलीस व्हय!"

मला 2018 पासून पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनचा बिघाड. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेनं मण्यांच्या माळेसारखे बारीक बारीक ठिपके, पाळी दोन दोन महिने गायब, हनुवटीवर केस, मानेवर काळपट पट्टा, सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं. त्यामुळं गेल्या दिवाळीपासून जे काय होत गेलं ते सगळं मी त्याच खात्यात टाकलं. वजन सहा किलो वाढलं, पीसीओएस. केस मूठमूठभर जायला लागले, पीसीओएस. दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले, तेही तेच. एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी वजनकाट्याकडं बघूनच सांगितलं की आधी वजन कमी करा, बाकी सगळं आपोआप होईल, आणि मी मान डोलावून परत आले, रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जायला लागले. पहिल्या आठवड्यात पूर्ण फेरी व्हायची, महिन्याभरानं अर्ध्यातच कठड्यावर बसायला लागले. मला वाटायचं मीच आळशी झालेय. हे आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण मी खरंच जीव तोडून चालत होते.

मला आधी शंका आली ती पाळीमुळं. दोन महिन्यांनी येणारी पाळी सव्वीस सत्तावीस दिवसांनी यायला लागली, घरात सगळ्यांना आनंद, चला, नियमित झाली. पण ती नऊ नऊ दिवस चालायची आणि इतकी जोरात की रात्री दोनदा उठायला लागायचं. माझ्या पीसीओएसचं असं कधी नव्हतं. मग मी एका संध्याकाळी वहीत दोन रकाने केले, एकात सात वर्षांपासून जे आहे ते, दुसऱ्यात फक्त या सहा महिन्यांत नवीन आलेलं. दुसऱ्या रकान्यात आलं ते असं: थंडी, बद्धकोष्ठ, टाचा आणि कोपरं खरखरीत, सकाळी पापण्या सुजलेल्या, आणि आवाज. आवाजाचं मला कळलंच नव्हतं, आरती म्हणताना सासूबाईच म्हणाल्या, "आवाज का असा घोगरा यायलाय गं तुझा?" लग्नातली अंगठी साबण लावूनही निघाली नाही, शेवटी गुजरीत नेऊन कापून घेतली, सोनार म्हणाला ताई बोटाला सूज आहे ही, जाडी नव्हे.

वजन, केस, थकवा, पाळीचा घोळ, उदास वाटणं, हे पीसीओएस आणि थायरॉईड दोन्हीकडं असतं. पण हनुवटीवरचे केस, मुरमं, मानेचा काळेपणा हे पीसीओएसकडं झुकणारं, आणि थंडी, कोरडी कातडी, बद्धकोष्ठ, जड आवाज हे थायरॉईड कमी चालत असेल तर दिसणारं. पीसीओएस ठरवायचे जे निकष आहेत, 2003 चे रॉटरडॅम निकष, त्यात तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीजं वेळेवर न सुटणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं, सोनोग्राफीत तसं अंडाशय दिसणं. पण त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनसारखी कारणं तपासून बाजूला काढायची असतात. माझी 2018 ला काढली होती. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड कमी चाललं की हा आकडा वाढतो) नॉर्मल, कागद फाईलला. मी सात वर्षं धरून चालले होते की थायरॉईडचं आपलं तपासून झालंय. अहो, तेव्हाचं झालं होतं!

आता जे सांगतेय ते नीट वाचा, विशेषतः केसांसाठी गोळ्या खाणाऱ्या मुलींनी. फेब्रुवारीत मी स्वतःहून लॅबमध्ये जाऊन टीएसएच केला होता. 2.1 आला, एकदम नॉर्मल. विषय संपला म्हणून गप्प बसले. मे मध्ये नवीन डॉक्टर मॅडमकडे वही घेऊन गेले, त्यांनी दोन्ही रकाने पूर्ण वाचले (यासाठीच मला त्यांचे पाय धरावेसे वाटले) आणि विचारलं, केसांसाठी काय घेतेस? मी म्हटलं बायोटिन, दहा मिलीग्रॅम, रोज. त्या म्हणाल्या, काही मशिनांच्या पद्धतीत बायोटिनमुळं टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन, खोटा जास्त दाखवतो. तपासणीआधी निदान दोन दिवस तरी बंद ठेवायला सांगतात, मला त्यांनी आठवडाभर बंद ठेवायला लावलं आणि सकाळीच रक्त द्यायला सांगितलं, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होतो.

रिपोर्ट: टीएसएच 8.6, फ्री टी-फोर अजून नॉर्मलमध्ये, अँटी टीपीओ अँटीबॉडी भरपूर वाढलेल्या. म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलंय, हाशिमोटो म्हणतात त्याला, आणि पीसीओएस असलेल्या बायकांत हे इतरांपेक्षा जास्त दिसतं. हिमोग्लोबिन 9.4, ते त्या नऊ दिवसांचं. पीसीओएससाठीच्या मेटफॉर्मिन गोळीवर इतकी वर्षं असल्यानं बी ट्वेल्व्हही बघितलं, तेही कमी. म्हणजे थकव्याला एक नाही तीन कारणं निघाली आणि मी आपली रंकाळ्याच्या कठड्यावर बसून रडत होते.

टीएसएच दहाच्या आत असेल तर सगळ्यांनाच गोळी देत नाहीत हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. माझ्या अँटीबॉडी, एवढा त्रास आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार, हे सगळं धरून थायरॉईडची गोळी 25 मायक्रोग्रॅम सुरू केलीय. म्हणून कृपा करून कुणी माझं वाचून वहिनीची गोळी उचलून खाऊ नका. आत्यानं फोनवर कोबी बंद कर म्हणून सांगितलं, शेजारच्या काकू सैंधव मीठ खा म्हणाल्या. शिजवलेला कोबी घरात चालू आहे आणि मीठ साधं आयोडीनचं पाकिटातलंच आहे.

आता उठल्या उठल्या सहाला गोळी नुसत्या पाण्याबरोबर, सातला चहा. लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर, कारण लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब लागतं, नाहीतर ती अंगाला नीट लागत नाही. सासूबाई चहाचं आधण ठेवून घड्याळाकडं बघत बसतात, "झाला का गं तास?" आणि स्वतःही माझ्यासाठी थांबतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तीन आठवडे झाले. वाकळ अजून घेते, पण परवापासून पंखा एकवर चालतोय. पुढचा टीएसएच जुलैमध्ये.