जरा-जिवंतिका आणि शिंगांची परी

श्रावणातला शुक्रवार, रात्र

सकाळीच जिवतीचा कागद देवघराशेजारी डकवला. खानापुरात पावसानं उसंत घेतलेली नाही. भिंतीला ओल आलीय, कागद सारखा सुटत होता, शेवटी चारही कोपऱ्यांना जाड खळ लावली. पुरणाचा नैवेद्य झाला, पोरांना ओवाळलं, चणे-फुटाणे वाटले. शेजारच्या अक्कांकडे वरमहालक्ष्मी होती, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आले. संध्याकाळी भाचीनं टीव्हीवर 'मॅलेफिसन्ट' लावला, 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या शाप देणाऱ्या परीचा चित्रपट, हिंदीतला. अर्ध्यावर आल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारते, "गे आत्ती, ही वाईट हाय काय चांगली? एक काय ते सांग की."

मला एक काय ते सांगता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

१९५९ च्या डिस्नेच्या जुन्या 'स्लीपिंग ब्यूटी' चित्रपटात हा प्रश्नच पडत नाही. काळा झगा, शिंगं, खांद्यावर कावळा. बाई आली की कळतं, हीच ती. राजकन्येच्या बारशाला बोलावलं नाही म्हणून तिनं तान्ह्या पोरीला शाप दिला, शेवटी ती अजगरासारखी आग ओकणारा ड्रॅगन झाली आणि राजपुत्राच्या तलवारीनं मेली. मूळ गोष्टीतही रुसवा बोलावण्याचाच. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत म्हातारी परी पन्नास वर्षं मनोऱ्याबाहेर पडलेली नसते, लोकांना वाटतं मेलीच असेल; ती येते तेव्हा सोन्याचा डबा सातच परींपुरता घडवलेला. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत शहाण्या बायका तेरा आणि सोन्याची ताटं बारा. एका ताटापायी सगळा राजवाडा शंभर वर्षं झोपला.

आपल्याकडच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. लग्नाच्या याद्या करताना आमच्या घरात निम्मी भांडणं बोलावण्यावरूनच होतात. आणि आजच वाचली ती शुक्रवारची कहाणी तरी दुसरं काय सांगते? भावानं सहस्रभोजन घातलं, गरीब बहिणीला बोलावलं नाही. ती पोरांना घेऊन आपणहून गेली, तर पंगतीत सगळ्यांदेखत अपमान करून हाताला धरून घालवली. पुढं देवीच्या कृपेनं तिला बरे दिवस आले, तेव्हा हाच भाऊ बोलवायला आला. ती गेली, अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडले आणि एकेक घास एकेका दागिन्यावर ठेवत बसली. शाप नाही की आरडाओरडा नाही. भाऊ काय ते समजला. त्या बहिणीबद्दल मला लहानपणापासून फार अभिमान वाटतो.

२०१४ च्या 'मॅलेफिसन्ट'नं मात्र बोलावण्याचं कारण बाजूला सारलं. त्यांना वाटलं असणार, एवढ्यासाठी कुणी तान्ह्या पोरीला शाप देईल का? म्हणून पंख आले. स्टीफन हा तिचा लहानपणापासूनचा मित्र. राजा व्हायचं म्हणून तिला गुंगीचं औषध पाजतो, सुरा उचलतो, पण मारवत नाही. मग लोखंडी साखळीनं तिचे पंख तोडून नेतो. सकाळी ती उठते, पाठीमागे हात नेते आणि जी किंकाळी फोडते, त्यावर भाचीनं माझा हात घट्ट धरला होता. मीही.

तरीसुद्धा मला वाटतं, पंख गेले म्हणून पाळण्यातल्या पोरीला शाप देणं चांगलं होत नाही. कारण कळलं म्हणून कृत्य धुऊन निघत नाही. चित्रपट मला पटला तो पुढच्या भागात. ही लपून त्या पोरीवर नजर ठेवते. पोर फुलपाखरामागे कड्याच्या टोकाला धावते, तेव्हा हीच तिला झेलून वर आणते. एकदा ती चिमुरडी सरळ येऊन हिला बिलगते, उचलून घे म्हणते. मला मुलं आवडत नाहीत, असं ही सांगते, तरी पोर सोडत नाही. (ती चिमुरडी म्हणजे मॅलेफिसन्ट झालेल्या अँजेलिना जोलीची खरी मुलगी, व्हिव्हियन. शिंगं बघून बाकीची मुलं घाबरत होती, म्हणून तिला घेतलं.) आणि मग ती रात्र: झोपलेल्या पोरीच्या उशाशी उभी राहून ती आपलाच शाप मागे घ्यायला बघते, पुन्हा पुन्हा, आणि तो निघत नाही. जगातली कुठलीच ताकद हा शाप बदलू शकणार नाही, असं तिनं स्वतःच म्हटलेलं असतं.

तिथं मला भिंतीवरच्या कागदाची आठवण झाली. जिवतीच्या चित्रात मांडीवर पोरं घेऊन बसलेली जरा, ती राक्षसीण आहे. महाभारताच्या सभापर्वात तिची गोष्ट येते. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना एकेक अर्धं मूल झालं, ते चव्हाट्यावर टाकून दिलं. मांस खाणाऱ्या जरेनं न्यायला सोपं जावं म्हणून दोन्ही तुकडे जवळ धरले, ते सांधले आणि पोर ओरडलं. खायला उचललेलं पोर तिनं राजाच्या हातात नेऊन दिलं. तोच जरासंध. आणि तीच घरच्या भिंतीवर, पोरांची राखणदार म्हणून. आजवर किती पिढ्या आयांनी तिच्यापुढं पोरांना ओवाळलं असेल! तिची बाजू मांडायला कुणाला दुसरा खलनायक उभा करावा लागला नाही.

इथंच चित्रपटावर माझा राग आहे. हिला उजळ करायला स्टीफनला शेवटपर्यंत काळा करत नेलाय. ज्याचा हात सुरा धरून थांबला होता, त्याला पुढं एकदाही थांबू दिलं नाही. आणि त्या तिघी पऱ्या! जुन्या चित्रपटात सोळा वर्षं पोर सांभाळणाऱ्या, राजपुत्राला कैदेतून सोडवून ढाल-तलवार हाती देणाऱ्या त्याच. इथं तिघींना इतकं बावळट केलंय की तान्ह्या पोरीला काय भरवायचं तेही कळू नये.

भाचीला मी शेवटी जरेची गोष्ट सांगितली. तिनं कागदाजवळ जाऊन पाहिलं, म्हणाली, "हिला शिंगं न्हाईत की." पुढच्या शुक्रवारी तिला जुना चित्रपट दाखवणार आहे. त्या तिघींनी काय काय केलं ते तिला नीट बघू दे.