गोवंडीच्या गल्लीत एक्सएलएसफॉर्म

आमच्या संस्थेत सर्व्हे निघाला की पहिली फेरी झेरॉक्सवाल्याकडे. चार पानी फॉर्मचे गठ्ठे, पिवळ्या फायली, सुतळी, आणि जुलैत भरलेल्या फॉर्मांवर फुटलेली निळी शाई. गोवंडीत बैंगनवाडीच्या गल्ल्यांमधून आमच्या ताया घरोघरी माहिती भरून आणायच्या आणि चेंबूरच्या ऑफिसात बसून ती एक्सेलमध्ये चढवायची मी. एकीने ‘नळ’ लिहिलेलं असे, दुसरीने ‘सार्व. नळ’, तिसरीने नुसतं ‘न’. तो ‘न’ नळाचा की ‘नाही’चा, हे विचारायला पुन्हा फोन.

यंदा पाण्याचा सर्व्हे मोबाइलवर करायचा असं मीटिंगमध्ये ठरलं. ‘तुला कॉम्प्युटर येतो ना’ एवढ्या एका पात्रतेवर फॉर्म बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कॉमर्सची. टॅली येते, एक्सेल येतं, कोडिंगचा संबंध नाही.

गूगल फॉर्म्स सगळ्यांनाच माहीत, पण तो भरायला नेट लागतं आणि आतल्या गल्लीत शिरलं की मोबाइलची रेंज जाते. आम्हाला हवा होता नेटशिवाय भरता येणारा आणि रेंज आली की पाठवता येणारा फॉर्म. अशा कामाला जगभर वापरतात ती ओडीके, म्हणजे ओपन डेटा किट. मोबाइलवर माहिती गोळा करायची ही प्रणाली २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झाली. तिच्याच पायावर उभं राहिलेलं कोबोटूलबॉक्स हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून आलं. आम्ही कोबो घेतलं. त्यात प्रश्न ओढून-सोडून फॉर्म बनवायची सोय आहे आणि छोट्या फॉर्मला ती पुरते. पण आमचे प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे हवे होते, आणि ताया दर बैठकीत शब्द बदलून मागणार हे मला ठाऊक होतं. तेव्हा सगळा फॉर्म एका एक्सेल फाइलमध्ये लिहिण्याची जी पद्धत आहे, एक्सएलएसफॉर्म, ती बरी वाटली. निदान एक्सेल तरी ओळखीचं.

मग डॉक्युमेंटेशन, म्हणजे कसं वापरायचं ते सांगणारी पानं. एक्सएलएसफॉर्मचं एक लांबलचक पान आहे, शिवाय ओडीकेचं वेगळं आणि कोबोचे मदतलेख वेगळे. सगळं इंग्रजीत. ब्राउझरमधून पान मराठी करून घेतलं तर उदाहरणातल्या कोडचेही शब्द मराठी होऊन बसतात आणि मग त्या उदाहरणाचा काही उपयोग राहत नाही, त्यामुळे इंग्रजीच वाचलं. अशी पानं वाचायची माझी रीत टॅलीपासूनची आहे: आधी उदाहरणाचा तक्ता बघायचा, तो आपल्या फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवायचा, चालतो का बघायचं, आणि नंतर त्याच्या वरचा परिच्छेद वाचायचा. परिच्छेद लिहिणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, त्यामुळे तो आपल्या अडचणीच्या जागी भरभर पुढे जातो. तक्ता तसं करू शकत नाही. प्रश्नांच्या प्रकारांचा तक्ता मी छापून घेतला आणि हार्बर लाइनला बसायला जागा मिळाली की त्यावर पेन्सिलने मराठीत खुणा करत गेले.

फाइलमध्ये तीन शीट. ‘सर्व्हे’मध्ये एकेका ओळीत एकेक प्रश्न: त्याचा टाइप, त्याचं नेम आणि लोकांना दिसणारं लेबल. ‘चॉइसेस’मध्ये उत्तरांचे पर्याय. ‘सेटिंग्ज’मध्ये फॉर्मचं नाव वगैरे. मराठी लेबलचा रकाना वेगळा, इंग्रजीचा वेगळा. रकान्याच्या शीर्षकातच भाषेचं नाव आणि कोड लिहायचा असतो. नेम म्हणजे मशीनने ओळखायचं नाव, त्यात मोकळी जागा चालत नाही. हे एवढं कळलं की फॉर्म उभा राहतो. चुकलं तर अपलोड करताना ओळीचा आकडा देऊन सांगतं, चौदाव्या ओळीतल्या प्रश्नाला नाव नाही, नवव्या ओळीत जी यादी म्हटली आहे ती चॉइसेसमध्ये नाही. इन्कम टॅक्सच्या सीझनमध्ये आमचे सीए ज्या भाषेत चुका दाखवतात त्यापेक्षा हे कितीतरी सभ्य.

खरं काम पुढे होतं. कन्स्ट्रेंट नावाचा एक रकाना असतो, उत्तरावर मर्यादा घालायचा. वयाच्या प्रश्नापुढे तिथे एक टिंब, मग ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’चं चिन्ह, मग आकडा. ते टिंब म्हणजे ‘आत्ता भरलेलं हे उत्तर’. एवढ्याशा टिंबाने तीनशे वर्षांचे आजोबा थांबतात. रेलेव्हंट नावाचा रकाना ठरवतो की प्रश्न विचारायचा की नाही. आमच्या फॉर्मचा जीव याच रकान्यात होता.

पाणी कुठून येतं या प्रश्नाला इथे एक उत्तर नसतं. पहाटे नळ, नळाची वेळ चुकली की शेजाऱ्याच्या टाकीतून पाइप, काही गल्ल्यांत टँकर, आणि प्यायला वीस लिटरचा कॅन. म्हणून प्रश्न ‘सिलेक्ट मल्टिपल’ प्रकारचा ठेवला, लागू असतील तेवढे पर्याय निवडा. त्यापुढचा प्रश्न, ‘कॅनला रोज किती रुपये जातात?’, हा कॅन निवडला असेल तरच दिसायला हवा. सहज सुचतं ते असं की रेलेव्हंटमध्ये लिहावं, ‘पाणी = कॅन’. पण जेव्हा अनेक पर्याय निवडले जातात तेव्हा ती सगळी नेमं एकाच उत्तरात मधे मोकळी जागा सोडून साठवली जातात: ‘नळ कॅन’. ‘नळ कॅन’ म्हणजे ‘कॅन’ नव्हे, म्हणून नळ आणि कॅन दोन्ही सांगणाऱ्या घरात रुपयांचा प्रश्न उगवतच नाही. फक्त कॅनवर जगणाऱ्यालाच विचारला जातो. यासाठी ‘सिलेक्टेड’ नावाचं फंक्शन आहे. ते निवडलेल्या पर्यायांमध्ये कॅन आहे का एवढंच बघतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे एका ओळीत आणि एका उदाहरणात आहे. पर्यायांच्या नेममध्ये मोकळी जागा का चालत नाही, हेही तिथेच उलगडतं. माझ्या मते संपूर्ण पानावर सगळ्यात मोलाची ओळ हीच, आणि ती ठळक अक्षरात असायला हवी होती.

‘इतर’ या पर्यायासाठी एक आयती सोय आहे, टाइपच्या शेवटी दोन शब्द जोडले की झालं. पण दोन भाषांच्या फॉर्मला ती वापरू नका असा इशारा येतो, कारण त्यातून तयार होणारा ‘इतर काय ते लिहा’ हा प्रश्न इंग्रजीतच राहतो. मी ‘इतर’ स्वतः पर्यायांत घातला आणि त्याच्याखाली लिहायचा वेगळा प्रश्न दिला.

चाचणी ऑफिसातच घेतली. ताया आपापले फोन घेऊन बसल्या, मी खोट्या घरातली बाई झाले. मोबाइल नंबरला अट घातली होती, ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर. एका ताईंचा फॉर्म तिथेच अडला.

“मॅडम, हा सारखा ‘दहा आकडी नंबर लिहा’ म्हणतोय. दहाच लिहिलेत की मी!”

मी मोजले. दहाच होते. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि नंबर देवनागरी आकड्यांत पडला होता, ९, ८ असा. अटीत इंग्रजी आकड्यांची रांग लिहिलेली असते, तिला आपला ९ म्हणजे एक अक्षर वाटतं. यावर ताईंना कीबोर्ड बदलायला शिकवणं हा उपाय नव्हे. अपिअरन्स नावाच्या रकान्यात ‘नंबर्स’ लिहिलं की त्या प्रश्नाला थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो आणि उत्तर मात्र मजकूर म्हणूनच साठतं. हे ओडीकेच्या पानावर सापडलं.

दुसरा तंटा कुटुंबाच्या यादीवरून झाला. आधी ‘घरात किती माणसं?’ विचारायचं आणि तितक्या वेळा नाव-वय विचारणारा भाग उघडायचा, अशी सोय आहे, तिला रिपीट म्हणतात. कागदावर छान दिसते. पण बाई ‘सहा’ म्हणते, सहा जणांची नावं सांगते आणि मग आतून सासूबाई ओरडतात, “अगं, दीर नाही का सांगितलास?” मग मागे जा, आकडा बदला. आम्ही संख्या विचारणंच सोडलं. एकेक माणूस भरायचा, ‘अजून कोणी?’ विचारायचं, आणि शेवटी किती झाले ते फॉर्मने स्वतः मोजायचं. आता कुटुंब कुणाला म्हणायचं? एकाच दारातून आत गेलं की खाली भाऊ, पोटमाळ्यावर दुसरा भाऊ, मधे भाड्याने दिलेली खोली. जनगणनेत एका स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक कुटुंब धरतात, आम्हीही तेच धरलं आणि प्रश्नाखालच्या हिंटमध्ये लिहिलं: एका चुलीवर जेवणारे सगळे. हे मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मिळणार नाही आणि ते ठरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

गल्लीत उतरल्यावर पहिला धक्का फॉर्मचा नव्हताच. मोबाइलवर सर्व्हे चाललाय म्हटल्यावर लोक घरातून प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले. आत झोपडीचा फोटोपास, रेशनकार्ड, जुनी लाइट बिलं. महाराष्ट्रात झोपडीचं संरक्षण १ जानेवारी २००० च्या आधीच्या पुराव्यावर आणि पुढे पैसे भरून १ जानेवारी २०११ पर्यंतच्या पुराव्यावर ठरत आलंय, तेव्हा सर्व्हे म्हणजे पात्र की अपात्र हेच डोक्यात. “ताई, आमचं नाव आलं ना यादीत?” यादी नाहीच, हे पटवून देण्यात सकाळ जायची. म्हणून फॉर्मच्या सुरुवातीला आम्ही एक नोट घातली, ताईने मोठ्याने वाचायची: हा सर्व्हे पाण्याचा आहे, घराच्या पात्रतेशी याचा संबंध नाही, तुम्ही नाही म्हणू शकता. पुढे होय-नाहीचा प्रश्न, आणि बाकी सगळा फॉर्म एका ग्रुपमध्ये घालून त्या ग्रुपला रेलेव्हंट लावलं. ‘नाही’ निवडलं की काहीच विचारलं जात नाही, फॉर्म संपतो.

त्याच कारणाने घराचं जीपीएस काढून टाकलं. तसंही ते नीट चालत नव्हतं. ॲप पाच मीटरपर्यंत अचूकता मिळाली की जागा आपोआप नोंदवतं, पण दोन्ही बाजूंनी पत्रे आणि वर ताडपत्री असल्यावर तो आकडा पाचाच्या खाली यायला तयार नसे. ताया उन्हात फोन आकाशाकडे धरून उभ्या, आणि सगळी गल्ली बघतेय की ही काय मोजतेय. आता गल्लीचं नाव पर्यायांच्या यादीतून निवडतो, आम्हाला तेवढं पुरतं.

काम सुरू झाल्यावर फॉर्ममध्ये बदल करावा लागतोच. लेबल बदललं तर काही बिघडत नाही, ‘पाण्याचा प्रमुख स्रोत’ काढून ‘प्यायचं पाणी कुठून भरता?’ केलं ते असंच मधेच. पण प्रश्नाचं नेम बदललं की आधीची उत्तरं एका रकान्यात आणि नंतरची दुसऱ्या रकान्यात जातात. म्हणून नेमना हात लावायचा नाही, पर्याय वाढवायचा तर खाली वाढवायचा, आणि सगळ्या फोनवर नवा फॉर्म उतरला का ते सकाळी निघताना तपासायचं. एक ताई घरी वायफाय नाही म्हणून जुनाच भरत होत्या. आता ऑफिसच्या वायफायवर सगळ्यांचे फोन आधी ताजे होतात, मग चहा.

डेटा बाहेर काढताना एक गोष्ट सांगून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं दिसू शकतात. डेटा गेलेला नसतो. कोरी शीट उघडायची, ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्यायचं आणि ६५००१ युनिकोड निवडायचं. किंवा सरळ एक्सएलएस एक्सपोर्ट घ्या. एक्सपोर्ट करताना लेबल हवीत की नेमं हवीत हेही विचारतं. मोजणीला नेमं, आमच्या ट्रस्टींना दाखवायला मराठी लेबलं.

मोजणीत दिसलं की कॅन घेणारी बरीचशी घरं नळही भरतात, म्हणजे ‘सिलेक्टेड’ नसतं तर त्यांचा पाण्यावरचा खर्च आमच्या तक्त्यात आलाच नसता. ट्रस्टींनी तो तक्ता बघितला आणि लगेच पुढचा सर्व्हे सुचवला, सार्वजनिक शौचालयांचा, फोटोसकट. फोटो भरमसाट मोठे येऊन तायांचा रोजचा डेटा संपू नये म्हणून मॅक्स-पिक्सेल्स नावाचं पॅरामीटर आहे, ते १०२४ ठेवलंय. दिवे आहेत का, कडी आहे का, पाणी आहे का, हे प्रश्न झाले. पैसे किती घेतात याचे पर्याय ताया सोमवारी सांगणार आहेत.